खाली फ्लॅश

रविवारी मूल तालुक्यातल्या आमच्या जुन्या गावी मासे आणायला गेलो होतो... आणि एक जुनी लबाडी अंगाशी आली.

तलावावर मासे विकणाऱ्या कौसाबाईंनी मला बराच वेळ निरखलं. "तू मास्तरचा पोरगा न? फोटोवाला? आमचा फोटो कुठी आहे बापू? रोल धुवाले टाकला म्हनला होता तू."

मी आधी हसलो. मग आठवलं...

कॉलेजात असताना मामाने मला एक स्वस्तातला प्लास्टिकचा कॅमेरा दिला होता. फोकस वगैरे भानगड नाही, दोन सेल घाला आणि बटण दाबा. तोवर फोटो म्हणजे स्टुडिओ; या कॅमेऱ्यांनी तो आमच्या तलावाच्या पाळीवर, बांधावर आणला. गावात मी हिरोच झालो होतो!

पण रोल छत्तीसचा, आणि हौस अख्ख्या गावाला. मग मी शक्कल काढली... 'खाली फ्लॅश', म्हणजे रिकामा. आत रोल नसला तरी फ्लॅश उडायचा, लोक खूश व्हायचे.

कौसाबाई आणि त्यांचे उंच, सावळे यजमान पाळीवर जोडीने उभे राहिले, त्या दिवशी रोल सकाळीच एका बारशात संपला होता. यजमान पुढच्याच वर्षी गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. बाई इतकी वर्षं वाट बघत होत्या आणि मला पत्ताच नाही!

खोटं बोलवेना. "बाई, कॅमेऱ्यात रोलच नव्हता," म्हटलं.

त्यांनी हातातला मासा टोपलीत ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं...

"जाऊ दे. पन ते हासले होते न? कधी हासत नव्हते. तू म्हनला, वा भाऊ, काय हासले! मी तं क्यामेऱ्याकडं पाहून राह्यली होती, मले नाई दिसलं. तुले दिसलं असन. कसे हासले, सांग न."

अहो, तसं मी सगळ्यांनाच म्हणायचो! खाली फ्लॅश मारताना समोर बघतो कोण?

हे मात्र त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. मान खाली घालून परत आलो.

मूलकडच्या मित्रांनो, जुने अल्बम एकदा काढून बघा. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मागे, एका कानात बाळी घातलेला उंच, सावळा माणूस उभा दिसला तर लगेच कळवा. हसत नसला तरी चालेल.