तहाचा सातवा दिवस

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुबईजवळ अजमानमध्ये एसी डक्टिंगच्या एका कंपनीत अकरा वर्षं मी एचआर सांभाळतो, म्हणजे लोकांचे व्हिसे काढतो आणि वेळ आली की रद्दही करतो. रद्द करायचं जिवावर येतं, पण करतो. घरी बायको विद्युल्लता आहे, पोरीची फी आहे.

तहा दाभोळचा. कागदावर स्टोअरकीपर, खरा कामाचा कंपनीच्या क्रिकेट टीमचा फास्ट बोलर म्हणून. इकडे हे सर्रास चालतं. कंपन्यांच्या लीगमध्ये जिंकायचं तर चांगला खेळाडू नोकरीला ठेवायचा आणि व्हिसावर त्याला ड्रायव्हर, फोरमन, काहीही करून टाकायचं. तहा सकाळी दोन तास स्टोअरमध्ये क्लॅम्प आणि बोल्ट लावून ठेवायचा, मग दिवसभर नेटमध्ये. बोलायला गरीब गाय, पण बॉल हातात आला की समोरच्याची पाचावर धारण बसायची. पगार चार हजार दिरहम, म्हणजे आपले लाखाच्या आसपास. बायको जहांआरा, चौदा वर्षांचा अफनान आणि धाकटी एमान, तिघंही त्याच्याच व्हिसावर.

मागच्या वर्षी आमचा दुसरा बोलर रफिक मॅचमध्ये पडला आणि त्याचा गुडघा गेला. महिन्याभरात मालकांनी त्याचा व्हिसा रद्द करायला सांगितला. मी केला. तहा त्याला एअरपोर्टवर सोडून आला, आणि तेव्हापासून हा माणूस बदलला. त्याला पस्तिसावं लागलं होतं, रोज संध्याकाळी खांद्यावर बर्फ बांधून बसायचा. मला विचारायचा, "गोपीभाऊ, माझा खांदा गेला तर तुम्हीच बटण दाबणार ना?" मी चहाचा विषय काढायचो.

सेमीफायनलला तीन आठवडे उरले असताना तो मालकांच्या, सत्यजित साहेबांच्या, केबिनमध्ये गेला. खांदा गेला तरी दोन वर्षं नोकरी राहील, एवढं लेखी द्या म्हणाला. साहेब हसले. "हबीबी, आपण घरचे लोक. घरात कागद कशाला? पगारात पाचशे वाढवतो, बारा हजार रुपये होतात रे!"

"पैसा नको साहेब. कागद द्या."

"कागद नाही. खलास."

दुसऱ्या दिवसापासून तहा आलाच नाही. फोनही बंद.

ही अक्कल अफनानची होती, हे मला नंतर कळलं. पोरगं रात्रंदिवस अमेरिकन फुटबॉल बघतं. तिकडचे खेळाडू करार पटला नाही की सरळ सरावाच्या कॅम्पला जात नाहीत, घरी बसतात; होल्डआउट म्हणतात त्याला. क्लब रोजचा दंड लावतो, रुसवेफुगवे होतात आणि शेवटी मालक सही करतो. बापाला ते पटलं. पण त्या खेळाडूंना कुणी देशाबाहेर काढत नाही, हे बापलेकांच्या डोक्यातच आलं नाही. इथे सलग सात दिवस न सांगता गैरहजर राहिलं की कंपनी माणूस पळाल्याचा रिपोर्ट टाकू शकते. मग व्हिसा जातो, वर पुन्हा यायची बंदी.

पाचव्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले. "गोपीनाथ, सात दिवस भरू दे. मग टाक रिपोर्ट. मीपण बघतो किती ताणतो ते."

त्या रात्री मला झोप नाही. सहाव्या संध्याकाळी मी तहाच्या बिल्डिंगखाली उभा राहिलो. कंपनीतलं कुणी बघत तर नाही ना, म्हणून दोनदा मागे वळून पाहिलं, मग जिन्याने वर गेलो.

जहांआराने दार साखळी लावूनच उघडलं. तहा आत सोफ्यावर, चार पासपोर्ट मांडीवर घेऊन बसला होता.

"Uncle, it's a holdout," अफनान म्हणाला. "They always sign in the end."

"गप बस!" मी ओरडलो. परक्या पोरावर मी कधी ओरडलेलो नाही. "तहा, तुझ्या व्हिसावर काय लिहिलंय?"

"स्टोअरकीपर."

"मग स्टोअर सोडून घरी कशाला बसलास? बोलिंगला नाही म्हण, ड्युटीला नाही म्हणू नकोस. उद्या सातला ये आणि हजेरीच्या मशीनवर थंब मार. उद्या सात दिवस भरले की साहेब पळाल्याचा रिपोर्ट टाकायला लावणार, परवा आलास तर उपयोग नाही."

त्याला हे माहीतच नव्हतं. जहांआरा भाभी तिथेच जमिनीवर बसली.

सातव्या दिवशी सकाळी सहा चाळीसला त्याने थंब मारला. आठवडाभर तो स्टोअरमध्ये बसून राहिला, मैदानाकडे फिरकला नाही. साहेबांनी मला बोलावलं. "याला कोणी शिकवलं?" मी मान खाली घालून उभा राहिलो.

"सेमीफायनल तोंडावर आलीय. देऊ त्याला कागद, टाइप कर," ते म्हणाले.

कागद झाला. खांद्याचं काहीही होवो, दोन वर्षं नोकरी पक्की, पद स्टोअरकीपर. आणि खाली एक ओळ: कामाची जागा, रुवैस साइट. अजमानहून साडेतीन तास, राहायला बॅचलर कॅम्प, फक्त पुरुषांचा.

तहाने कागद तीनदा वाचला. सही केली.

"रविवारी सेमीफायनल खेळ, सोमवारी निघ," साहेब म्हणाले.

"कागदात बोलिंग नाही, साहेब." एवढं बोलला तो. मी असतो तर बोललो नसतो.

भाभीने मला फोन केला. "भाऊ, तिकडे पोरांना नेता येतं का?" येत नाही, हे मला ठाऊक होतं. "बघतो भाभी," म्हणालो. अजमानचं भाडं आणि दोघांच्या शाळेची फी, त्यात घरात माणूस नाही. तीन महिने तिने रेटले. मग शाळेतून दाखले काढले आणि मुलांना घेऊन दाभोळला गेली. एक्झिटचे, म्हणजे तिघांचे व्हिसे रद्द करायचे, कागद मीच केले.

तहा रुवैसला आहे. नोकरी पक्की आहे, खांदाही शाबूत आहे. बॉल त्याने पुन्हा हातात घेतलेला नाही. मात्र रोज सकाळी सहा चाळीसला माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो येतो. थंबचं मशीन, त्यावर तारीख आणि वेळ. खाली एकच ओळ: "भाऊ, मी आलोय हां ड्युटीला." सुट्टीच्या दिवशीसुद्धा. नको पाठवूस म्हणून मी दोनदा सांगितलं. आजही आला.