वाकून नमस्कार

परवा वृद्धाश्रमात मी आत्याच्या पाया पडायला वाकलो आणि तिलाच पाडणार होतो. तिच्या खुब्याचं हाड नुकतंच जुळलेलं, म्हणून तर मी आल्याआल्या न्हाणीघरातला कठडा ओढून पाहिला, पायपुसणं घसरतं का ते तपासलं, दाराला उंबरा नाही म्हणून समाधानाने मान डोलावली. मग वाकलो. "अरे राहू दे, राहू दे," म्हणत ती पाय मागे घेऊन उठायला गेली आणि तोल गेला.

पडली मात्र नाही. तिची देखभाल करणाऱ्या शांताबाईंचा हात आधीच तिच्या पाठीशी येऊन थांबला होता.

"पाहुणे वाकले की आजी उठतात," त्या शांतपणे म्हणाल्या.

कठडे तपासता येतात; पण कुणाचा चांगुलपणा कुणाला पाडेल, हे ओळखून आधीच पोचणारा हात तपासायचा कसा?

आत्या खुर्चीत सावरून बसली आणि म्हणाली, "लहानपणी धपाटे घालूनही कधी वाकला नाहीस, मेल्या. आता माझं हाड मोडायला वाकलास होय?"