सुनांची सोय मागे

आमच्या संस्थेत यायला एकच अट होती. निजामाविरुद्ध लढलेल्या माणसाचं रक्त अंगात पाहिजे. मुलगी चालते, नात चालते, पणती चालते. सून चालत नाही. हा नियम बायकांनीच बायकांसाठी केलेला. संस्थेच्या नावात देशसेवा होती, मातृशक्ती होती, वारसा होता. इतकं लांब नाव की बॅनरवर ते दोन ओळींत बसवावं लागायचं.

मला त्यात ओढलं माझ्या चुलत बहिणीनं. ती जिल्ह्याची अध्यक्ष. आमचे आजोबा एकच. तिचे वडील शहरात नोकरीला गेले, माझे गावात शेतीवर राहिले. राज्याचा मेळावा यंदा धारूरला घ्यायचं ठरलं तेव्हा तिचा फोन आला.

"तू शाळेत शिकवतेस, तुला बोलायची सवय आहे. सूत्रसंचालन तूच कर. आणि आजोबांच्या फोटोला हार घालायचाय, म्हणून घरचं कुणीतरी पाहिजे."

घरचं कुणीतरी म्हणजे मी. तिला ते सोयीचं होतं.

तयारीच्या बैठकीत पट्ट्यांवरून भांडण झालं. तुरुंगात गेलेल्यांच्या वारसांना केशरी पट्टा, भूमिगत झालेल्यांच्या वारसांना हिरवा आणि नुसती मदत केलेल्यांच्या वारसांना पांढरा. एक बाई दुसरीला म्हणाली, "तुमचे आजोबा एक रात्र कोठडीत होते, त्याला काय तुरुंग म्हणतात का?" दुसरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला शेवटी केशरी दिला, कारण तिच्या नवऱ्याचं मंगल कार्यालय आम्हाला फुकट मिळणार होतं. मला आजोबांमुळे केशरी आपोआप होता. तो मी घातला, कारण घातला नाही तर त्यावर आणखी तासभर बोलणं झालं असतं.

आई म्हणाली, "मी बी येते. मामंजीला हार घालणारेत तर बघते."

मामंजी म्हणजे माझे आजोबा, तिचे सासरे. ज्वारीच्या पोत्यांखाली चिठ्ठ्या घालून ते त्या गावाहून ह्या गावाला नेत. एकदा धरले गेले, मार खाल्ला, आत राहिले. कंबरेला बसलेला तो मार पुढं जन्मभर गेला नाही, आणि म्हातारपणी त्यांनी अंथरूण धरलं ते कायमचं. शेवटची कित्येक वर्षं त्यांना उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं हे सगळं आईनं केलं. अध्यक्ष बहीण दिवाळीला येऊन दारातून नमस्कार करून जायची. खोलीत वास येतो, म्हणायची.

मेळाव्याच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाचं कापडसुद्धा तापलेलं. दारात आश्रमशाळेच्या मुली झेंडे घेऊन उभ्या केल्या होत्या. त्यांना प्रत्येकी एक डबा द्यायचा होता, त्याचं नाव देशसेवा उपक्रम. राज्याध्यक्षा बाई आल्याशिवाय डबे द्यायचे नाहीत, आणि बाई येईनात. मुली पायांवरचा भार बदलत उभ्या राहिल्या. बाई आल्या, फोटो झाला, डबे दिले गेले. आत काहीच नव्हतं. एका पोरीनं झाकण उघडून वास घेतला आणि परत लावलं.

मी माईकजवळ उभी होते, तिथून पुढच्या रांगा स्पष्ट दिसत होत्या. आई लुगड्याचा पदर सावरत पहिल्या रांगेत येऊन बसली. पोरीचा कार्यक्रम म्हटल्यावर पुढं बसायचं, एवढंच तिला माहीत. बिल्ला लावलेली एक बाई तिच्याजवळ गेली.

"आजी, तुम्ही वारस का?"

"न्हाई बाई, सून हाय मी."

"मग सुनांची सोय मागे केलीय."

आई उठली. चपला शोधल्या आणि मागं कूलरच्या बाजूला जाऊन बसली. माझ्या हातात माईक होता, आणि माझ्यापुढं त्या क्षणी वाक्य होतं, 'आता दीपप्रज्वलन.' ते मी म्हटलं. मग मी बहिणीजवळ जाऊन हळूच म्हणाले, "आईचा सत्कार घे. नाहीतर माईक तू धर."

"बघू," ती म्हणाली.

राज्याध्यक्षा बाईंनी भाषणात आमच्या आजोबांना सिंह केलं. त्यांची गर्जना ऐकून रझाकार पळत, असं त्या म्हणाल्या. आजोबांचा आवाज इतका बारीक होता की गोठ्यातल्या गड्याला हाक मारायची तरी आईला पाठवत. मागून कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. आईच ती. पदर तोंडाला लावून हसत होती. भाषणात 'रक्त' हा शब्द इतक्या वेळा आला की दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं.

सत्कार सुरू झाले. बहिणीनं आईला खूण करून वर बोलावलं. आई गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढली. बाईंनी तिच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो निघाला. आई खाली उतरायला वळली तेवढ्यात बहीण पुढं झाली.

"काकू, शाल जरा द्या हं."

आईला आधी कळलंच नाही. बहिणीनं तिच्या खांद्यावरून ती काढून घेतली, झटकली, घडी घातली आणि पुढच्या पाहुणीसाठी ताटात ठेवली. पुढची पाहुणी एका पुढाऱ्याची बायको. तिच्या घराण्यात निजामाविरुद्ध कुणी बोट उचलल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं, पण पट्टा केशरी होता.

तिचं नाव पुकारायचं काम माझं होतं. मी पुकारलं. आणि पुढं म्हणाले, "आत्ता माझ्या आईच्या अंगावरून जी शाल काढून घेतली, तीच शाल आता ताईंना घालण्यात येत आहे. टाळ्या वाजवाव्यात."

सवयीनं काही टाळ्या वाजल्या. मग थांबल्या. पुढाऱ्याच्या बायकोनं शालीकडे असं पाहिलं, जणू ती ओली आहे. कुणीतरी माईक बंद केला.

स्टेजच्या मागं बहिणीनं माझा दंड धरला. "घराण्याची अब्रू काढलीस. शाली कमी आल्या होत्या, एवढंच."

"मग राज्याध्यक्षा बाईंची काढून घ्यायची होती."

"तुला आजोबांची किंमतच नाही."

मी पट्टा काढून तिच्या हातात दिला आणि आईला शोधायला गेले. मला वाटलं होतं ती रडत असेल. ती जेवणाच्या पंगतीत बसून भाताची वाट बघत होती.

"चल आई, घरी."

"जेवून जाऊ की. आलोय तर कावून उपाशी जायचं?"

मी तिच्या शेजारी बसले. आजूबाजूच्या बायकांनी आपली ताटं जरा सरकवली. आईनं पोटभर खाल्लं, जिलबी मागून घेतली. मी ताटाला हातही लावला नाही.

संध्याकाळच्या आत माझं नाव संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं होतं. तिसऱ्या प्रहरी आम्ही निघालो तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि असतं तरी बरंच वाटलं असतं. बाजारातून बाहेर पडताना आईनं गाडी थांबवायला लावली. डोंगरातली सीताफळं घेऊन एक बाई बसली होती. आईनं एकेक फळ दाबून बघून घेतलं. घाट उतरताना मी म्हणाले, "तुला वाईट नाही वाटलं?"

"शालीचं? एवढ्या उन्हात ती घेऊन काय करू?" ती फळ फोडत म्हणाली. "पर सिंह म्हनली ती बया. लई खडूस माणूस हुता तुझा आजा. भाजीत मीठ कमी पडलं की ताट फेकायचा. त्यांचं हगणंमुतणं काढताना मी मनात काय काय शिव्या दिल्यात, देवाला ठावं."

"मग करत का राहिलीस?"

"कोण करणार हुतं दुसरं?"

तिनं बिया खिडकीतून बाहेर थुंकल्या आणि अर्धं फळ माझ्यापुढं धरलं. मी गाडी कडेला घेतली आणि ते खाल्लं. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.