घाटानं परत दिलेले दोन टक्के

घाट उतरला की कोंडीराम ओव्हाळ गाडी कडेला घेत, खाली उतरत आणि चारही चाकांना उलट्या हाताने शिवून बघत. आई पोराचा ताप बघते तसा. स्वारगेटच्या स्टँडवरचे टॅक्सीवाले या सवयीला हसायचे, पण आपली गाडी घाटात न्यायची असली की आदल्या दिवशी त्यांनाच विचारायचे. "पुढचं डावं जास्त तापतंय, ब्रेक घासतोय," असं ते सांगत आणि मेकॅनिकने चाक उघडलं की तसंच निघे.

एकतीस वर्षं त्यांनी पुण्यात टॅक्सी चालवली. डिझेल, पेट्रोल, मग सीएनजी. एवढ्या वर्षांत एकही प्रवासी अर्ध्या वाटेत उतरवला नव्हता. एकदा यवतजवळ पंख्याचा पट्टा तुटला, तेव्हा नायलॉनची दोरी बांधून त्यांनी नवरीमुलीला मुहूर्ताआधी मांडवात पोचवलं होतं. घरात एकही ढाल-करंडक नव्हता, पण हा एक मान होता आणि तो ते जिवापाड जपत.

दुसरी सवय न्यूट्रलची. उतार आला की गिअर काढायचा आणि गाडी सोडून द्यायची. "उतार फुकट असतो," ते म्हणत, "त्याच्यावर इंधन कशाला जाळायचं?"

इलेक्ट्रिक गाडी आली ती मुलीमुळे. अपेक्षा चाकणला बॅटऱ्यांच्या चाचणी विभागात इंजिनिअर होती. सीएनजीच्या रांगेत वडिलांचे रोज दोन तास जातात हे तिला बघवत नव्हतं. गाडी आली आणि वेगळ्याच रांगा सुरू झाल्या. विश्रांतवाडीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट घ्यायचा तर कमिटीची परवानगी हवी. सेक्रेटरी श्रीधर करंदीकर यांनी अर्ज दोनदा वाचला.

"ओव्हाळ, आपण गाडी घेतलीत, आनंद आहे. आता ती चार्ज होताना लिफ्ट बंद पडली तर चौथ्या मजल्यावर आम्हाला आपण उचलून नेणार का?"

"साहेब, वायर माझ्या मीटरवरून येणार. लिफ्टचा संबंध नाही."

"तसं लेखी द्या."

लेखी दिलं. पॉइंट मिळायला अडीच महिने गेले. स्टँडवरचा जुना टॅक्सीवाला बाबुराव वेगळाच. तो रोज विचारायचा, "कोंड्या, सेल कुठे घालतोस रे याच्यात? पेन्सिल सेल चालतो का मोठा लागतो?"

कोंडीराम हसून सोडून देत. त्यांना एकच गोष्ट खटकायची. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप मंद व्हायची. कुणी मागून सदरा धरून ओढतंय असं वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याचं सेटिंग शून्यावर आणून ठेवलं.

"पप्पा, ते राहू द्या," अपेक्षा म्हणाली होती. "त्यानं चार्ज परत येतो."

"गाडी कशी चालवायची ते आता तू शिकवणार मला?"

तिने विषय सोडला.

पॉइंट मिळाल्यावर तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, त्यांना भोरच्या पुढच्या एका गावी जावं लागलं. शेजारच्या नंदाताईंच्या चुलत्यांचा दहावा होता आणि ताईंची मुलगी नम्रताही सोबत होती. नम्रताची रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षा होती. तीन वर्षं ती अभ्यासिकेत बसत होती, वयाच्या अटीमुळे हा शेवटचा प्रयत्न होता. केंद्र स्वारगेटजवळच्या एका शाळेत. गेट साडेनऊला बंद, त्यानंतर कुणालाही आत सोडत नाहीत.

"पहाटे निघू, आठला तुला गेटवर उभी करतो," कोंडीरामांनी शब्द दिला.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी गोठ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या सॉकेटला गाडी लावली. सकाळपर्यंत सत्तर टक्के होईल असा हिशेब होता. पहाटे बघतात तर आकडा अठ्ठावीस. फ्यूजच्या कटआउटमधली तार वितळून गेली होती.

नंदाताईंचा भाऊ संजय डोकं खाजवत उभा राहिला. "मोटार तासभर चालती, पाहुणं. ही रातभर वढत हाय. तार काय करणार?"

नवी तार घालून आणखी तासभर लावली तर दोन टक्के वाढले आणि सात वाजून गेले. आता थांबण्यात अर्थ नव्हता. हायवेवर कापूरहोळला एका हॉटेलपाशी चार्जिंगचं मशीन होतं, ॲपवर त्याच्यापुढे हिरवा ठिपका दिसत होता. तिथे पोचले तेव्हा एकवीस टक्के उरले होते. मशीनच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं.

"शुक्रवारपासून बंद आहे," गल्ल्यावरचा माणूस म्हणाला.

"ॲपवर चालू दाखवतंय."

"मग ॲपवर चार्ज करा."

तिथेच नंदाताईंनी विचारलं, "भाऊ, एसटीला हात करू का?"

 एकतीस वर्षांत हा प्रश्न कोंडीरामांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी नम्रताकडे पाहिलं. ती प्रवेशपत्राचा कोपरा दुमडत होती, उघडत होती. मान आपला, परीक्षा तिची. ते स्वतः रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना हात केला. दोन एसट्या दारापर्यंत भरलेल्या होत्या, थांबल्या नाहीत. एक कार वेग कमी करून पुढे गेली. आठ वाजून दहा मिनिटं झाली.

"बसा," ते म्हणाले. "जुन्या घाटानं जाऊ. वर बोगद्यापर्यंत पोचलो की पुढे उतारच आहे. गाडी मेली तरी घरंगळत कात्रजला जाईल."

एसी बंद, काचा खाली, वेग पन्नासच्या आत. मागचे ट्रक हॉर्न मारून मारून पुढे जात होते. शिंदेवाडीला नऊ टक्के. तिथून चढ सुरू झाला आणि आकडा डोळ्यांदेखत उतरू लागला. आठ. सात. चार्ज संपत आल्याचं कासवाचं चित्र पिवळं होऊन समोर आलं आणि गाडीतला दम गेला. कोंडीराम पुढे वाकून बसले, जणू त्यांच्या वाकण्याने ती चढणार होती. बोगद्याच्या तोंडाशी पाच.

बोगद्यातून बाहेर आले तर खाली सगळं पुणं पसरलेलं. सवयीने त्यांचा हात गेला आणि गाडी न्यूट्रल झाली. उतार लागला. वळणावळणाला ते ब्रेक दाबत होते. पाचाचे चार झाले.

"उतारावर पण कमी होतंय?" नम्रता पुढे वाकली. "काका, खाली गेल्यावर पण सहा किलोमीटर आहेत."

"ताई, अपेक्षाला फोन लावा. स्पीकरवर टाका."

अपेक्षाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पप्पा, आत्ता गाडी कशात आहे?"

"न्यूट्रलमध्ये. उतार आहे ना."

 "पप्पा, ड्राइव्हमध्ये टाका. आणि ते सेटिंग शून्यावरून तीनवर घ्या. ब्रेक अगदी लागला तरच. फक्त पाय उचला, चाकंच मोटार फिरवून बॅटरी भरतील. मग आकडा बघा."

एकतीस वर्षांची सवय हाताला चिकटली होती. पण मागे बसलेल्या मुलीचा श्वास त्यांना ऐकू येत होता. त्यांनी खटका फिरवला, सेटिंग वाढवलं, पाय उचलला. गाडीने लगेच सदरा धरला. एक बारीक, चढत जाणारी गुणगुण चाकांखालून आली. समोरचा काटा हिरव्या बाजूला कलला. तो तिकडे जातो हेसुद्धा त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

एक वळण. दुसरं वळण. ब्रेकला पाय लागला नाही. चाराचे पाच झाले.

"वाढलं!" नम्रता ओरडली. "काका, वाढलं!"

  या घाटाचं प्रत्येक वळण कोंडीरामांना पाठ होतं. इथे ट्रकच्या ब्रेक-लायनरचा जळका वास येतो, तिथे पावसात दरड येते. या उताराने आजवर कुणाला काही दिलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि आता तो डोंगर, वर चढताना घेतलेल्यातलं थोडंसं, मुकाट्याने परत करत होता. थेंबाथेंबाने भांडं भरावं तसं. कुठे पंप नाही, रांग नाही, वास नाही. शेवटचं वळण उतरून कात्रजच्या वस्तीत शिरले तेव्हा समोर सहा होता.

आज चाकं बघायला थांबायला वेळ नव्हता. रविवार होता म्हणून सातारा रस्ता मोकळा मिळाला. तरी दोन सिग्नल लाल लागले आणि दोन्हीकडे नंदाताई मोठ्याने सेकंद मोजत होत्या. नऊ वाजून एकवीस मिनिटांनी गाडी शाळेच्या गेटसमोर उभी राहिली. आकडा तीन.

नम्रता उतरली, दोन पावलं धावली, परत आली आणि गाडीतून उतरलेल्या कोंडीरामांच्या वाकून पाया पडली.

"अगं, आत जा आधी! पाया पडायला पेपर झाल्यावर ये."

ती गेली. रखवालदाराने प्रवेशपत्र पाहिलं, ती आत दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने लोखंडी गेट ओढून बंद झालं, त्या आवाजाने नंदाताई फुटपाथवर बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या.

फोन वाजला. अपेक्षाच होती. "पोचली का?"

"पोचली." मग ते म्हणाले, "तू पहिल्याच दिवशी सांगत होतीस."

"हो. आणि तुम्ही ऐकलं नाहीत," ती म्हणाली आणि हसली. "जवळच एक चार्जर आहे, पत्ता पाठवते. चालू आहे, मी फोन करून विचारलंय."

फोन ठेवून कोंडीराम पुढच्या डाव्या चाकापाशी बसले. कात्रज उतरून आल्यावर स्वारगेटपर्यंतसुद्धा चाकाची धग टिकायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्यांनी उलटा हात लावला.

जेमतेम कोमट.

ते तसेच बसून राहिले. म्हणजे आजवर आपण उलट्या हाताने जे बघत होतो, ते हेच होतं. तो ताप नव्हता, तो उतार होता. एकतीस वर्षांचे सगळे घाट, चढताना कमावलेली सगळी उंची, खाली येताना लायनरमध्ये जाळून आपण हवेत सोडत आलो. आणि उतार फुकट असतो म्हणत होतो.

"काय झालं भाऊ?" नंदाताईंनी घाबरून विचारलं. "पंक्चर आहे का?"

"नाही ताई. तापलं नाही."

"मग चांगलंच आहे की."

"हो," ते म्हणाले आणि उठून दुसऱ्या चाकाकडे गेले, मग तिसऱ्या, मग चौथ्या. चारही बघून झाली, तशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.