‘डॉग’ या शब्दाचा रावी

“ठैरो. हा कुणाचा?”

आमच्या कचेरीत कुणी बोलता बोलता इंग्रजी शब्द वापरला, की मधल्या रांगेतून एक तर्जनी वर जायची आणि हा प्रश्न यायचा. एकदा साहेब पंख्याखाली उभे राहून आम्हा सगळ्यांना झापत होते. ‘डिसिप्लिन’ असं म्हणाले आणि तर्जनी वर गेली. 

“शागिर्दाचा आहे, साहेब. लॅटिनमधे शागिर्दाला जे म्हणतात, त्यातून आला. म्हणजे आधी एक उस्ताद पाहिजे.”

साहेब केबिनमधे गेले. आम्ही फायलींत तोंडं लपवून हसलो. तर्जनीवाले मात्र हसत नव्हते. त्यांनी विनोद केलाच नव्हता. त्यांनी एका शब्दाचा पत्ता सांगितला होता.

आम्ही त्यांना लुगतवाले चाचा म्हणायचो. लुगत म्हणजे उर्दूत शब्दकोश. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याला पगारापेक्षा भलत्याच गोष्टीची ओढ असते. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा चाचा पस्तिशीत होते. तोवरचा सगळा कारभार उर्दूत, आणि त्यांचं उर्दू अक्षर असं, की वकील लोक नुसतं बघायला नकला मागायचे. मग हुकूम आला, की इंग्रजीची परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा. चाचा दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा स्पेलिंगनं घात केला.

तेव्हा त्यांनी शहागंजातल्या जुन्या बाजारातून पुठ्ठा नसलेला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला. त्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी तो कुठून आला हे बारीक अक्षरांत दिलेलं होतं. चाचांना खजिनाच सापडला.

“आपण मामा-काकांची नावं पाठ करतो का, फुलंब्रीवाले?” ते मला विचारायचे. मी रोज फुलंब्रीहून एसटीनं यायचो, म्हणून माझं हे नाव. “नाय करत. वळख असती, म्हणून ध्यानात राहतात. शब्दाचं बी तसंच आहे. आता ‘वेन्सडे’ घ्या. मधला तो ‘डी’ बोलताना कुणी विचारत नाय. पण काढता येत नाय. तो वोडन नावाच्या देवाचा आहे, ज्याचा हा वार. घरमालकाला घराबाहेर कसं काढणार?”

तिसऱ्या खेपेला ते पास झाले. पण शब्दांचा नाद सुटला नाही. निजामाच्या काळातलं एक कोरं रजिस्टर त्यांना मिळालं होतं, उजवीकडून उघडणारं. त्यात ते शब्द इंग्रजीत, अर्थ मराठीत आणि खानदान उर्दूत लिहायचे. ‘विंडो’ म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. ‘मसल’ म्हणजे छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली पळतो तो. ‘शुगर’ तर आपलीच शर्करा, इराण-अरबस्तान फिरून साहेबाच्या कपात पडलेली. शेवटचा रकाना होता ‘रावी’. रावी म्हणजे सांगणारा. शब्दाची हकीकत पुस्तकातून घेतली असेल तर पुस्तकाचं नाव, माणसाकडून ऐकली असेल तर माणसाचं. “बिनारावीची बात म्हणजे अफवा,” असं ते म्हणायचे.

मीही त्यांना शब्द आणून द्यायचो. वाचनालयातल्या एखाद्या मासिकात काही सापडलं, की उतरवून आणायचो. असे नऊ-दहा शब्द मी दिले असतील. प्रत्येक वेळी ते रकान्यात माझं नाव उर्दूत लिहून दाखवायचे. मला ते वाचता येत नव्हतं, पण छाती फुगायची.

अख्ख्या लुगतीत एकच शब्द त्यांना सलायचा, तो म्हणजे ‘डॉग’. पोरांच्या पहिल्या पुस्तकातला, तीन अक्षरांचा. आणि शब्दकोशात त्याच्यापुढे लिहिलेलं, मूळ अज्ञात.

“अरे, ज्याला बघून कुणीबी धनी वळखतो,” चाचा हळहळायचे, “त्याच्याच नावाला धनी नाय?”

आता माझी करामत ऐका. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, आणि अंगात नाटक एवढं, की गॅदरिंगला एकटाच तीन पात्रं करायचो. एका रविवारी मी फर्दापूरला मावसभावाकडे गेलो. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी त्याचं चहाचं दुकान होतं. सोमवारी कचेरीत येऊन मी पिशवी टेबलावर आपटली.

“चाचा, डॉगचा पत्ता लागला!”

कचेरी जमली. मी खुर्चीवर चढलो. लिंबाखाली बसलेला एक म्हातारा इंग्रज मी उभा केला, हातात काठी, बाप मेंढपाळ. तीन कप चहा प्याला आणि सांगू लागला, की आमच्याकडचे धनगर डोंगरावरून कुत्र्याला हाक मारताना आधी शीळ घालतात, मग घशातून ‘डग्ग, डग्ग’ असा आवाज काढतात. त्या हाकेचाच शब्द झाला. मी शीळ घातली. घशातून आवाज काढला. शिपाई दारातून ओरडला, “लई भारी!”

चाचांनी उठून मला मिठी मारली. त्यांचे डोळे भरले होते. लगेच रजिस्टर काढून त्यांनी ते लिहिलं आणि रावीच्या रकान्यात माझं नाव घातलं. दुपारी सगळ्या कचेरीला नानकटाई वाटली.

संध्याकाळी खरं काय ते सांगून टाकू, असं मी ठरवलं होतं. पण नानकटाई खाल्ल्यावर कसं सांगणार? मग उद्या, मग पुढच्या आठवड्यात. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

रिटायर व्हायला दोन महिने उरले असताना चाचांना कळलं, की एका कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक विद्यार्थ्यांसाठी छोटी पुस्तकं छापून घेतात. पंधरा वर्षांचं, चार हजार शब्दांचं काम छापून यावं एवढीच त्यांची इच्छा होती. रजिस्टर कापडात बांधून आम्ही दोघं गेलो. चाचांनी शेरवानी घातली होती.

प्राध्यापक चांगले होते. चाचा उर्दू वाचून दाखवत होते, ते पानं उलटत ‘वा’ म्हणत होते. ‘विंडो’वर खूष झाले. मग थांबले. डॉगपुढची उर्दू हकीकत त्यांनी चाचांकडून पुन्हा वाचून घेतली.

“या शब्दाचं मूळ कुणालाच माहीत नाही,” ते म्हणाले. “ही गोष्ट कुणीतरी घडवलेली आहे. कोणी सांगितली तुम्हाला?”

मी चाचांच्या बोटाकडे बघत होतो. ते रावीच्या रकान्यात माझ्या नावावरच होतं. प्राध्यापकांना उर्दू येत नव्हतं. चाचांनी बोट अलगद उचललं.

“माझ्या ऐकण्यात आलं,” ते म्हणाले.

“चार हजार शब्दांत एक घडवलेला निघाला, तर बाकीचे तपासणार कोण?” प्राध्यापकांनी रजिस्टर हळूच मिटलं. “मला हे छापता येणार नाही.”

मी तिथं बसलो होतो. तीन पात्रांचे संवाद एका दमात म्हणणारा मी. मी रजिस्टर पुन्हा कापडात बांधून घेतलं.

परतताना गुलमंडीच्या हॉटेलात चहा घेतला. चाचांनी बशीत चहा ओतला तेव्हा मी म्हणालो, “चाचा, तो फर्दापूरचा म्हातारा… नव्हताच.”

“नव्हता?”

“नाय.”

“मग शीळ?”

“माझीच.”

त्यांनी बशी संपवली. “शीळ चांगली होती,” म्हणाले. मी रडायच्या बेतात होतो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बशी बाजूला सारून त्यांनी विचारलं, “आणि तुम्ही दिलेले बाकीचे?”

“बाकीचे खरे आहेत, चाचा. आईशपथ.”

“शपथ नक्को, बेटा. तुम्ही शपथ पण छान घेता.”

एवढंच. मला ते नंतर कधी रागावून बोलले नाहीत. फक्त त्यांची तर्जनी पुन्हा वर गेली नाही. निरोप समारंभात साहेबांनी मुद्दाम भाषणात दहा-बारा इंग्रजी शब्द पेरले आणि प्रत्येकावर थांबून मधल्या रांगेकडे पाहिलं. चाचा हार हातात घेऊन पायांकडे बघत बसले होते.

रिटायर झाल्यावर त्यांनी सगळं रजिस्टर ‘ए’पासून तपासायला घेतलं. केवळ माझेच नाही, सगळे शब्द. शब्दकोशाशी ताडून बघायचे आणि लाल पेन्सिलीनं खूण करायची. पुढं डोळे अधू झाले, तेव्हा मी दर रविवारी त्यांच्या घरी जाऊ लागलो. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण येऊ नको असंही म्हणाले नाहीत. दार उघडून चटई टाकायचे.

मी शब्दकोशातून मोठ्यानं वाचायचो. प्रत्येक शब्द वाचून झाला, की ते हात पुढं करायचे. मी शब्दकोश त्यांच्याकडे सरकवायचो. ते भिंग घेऊन, नाक कागदाला टेकवून, मी नुकतंच वाचलेलं पुन्हा स्वतः वाचायचे. मग खूण. एका रविवारात दहा शब्दसुद्धा होत नसत. अशी काही वर्षं गेली. मी एकदाही चुकीचं वाचलं नाही. आणि एकदाही त्यांनी हात पुढं केल्याशिवाय खूण केली नाही.

‘एम’पर्यंत आलो होतो. त्या रविवारी मी एक शब्द वाचला आणि शब्दकोश पुढं सरकवला. त्यांनी भिंग धरलं, ते पानाच्या कडेला, जिथं काहीच छापलेलं नव्हतं. त्या कोऱ्या कागदावर ते बराच वेळ बघत राहिले.

“बराबर,” म्हणाले, आणि चाचपडत रजिस्टरात खूण केली.

ते मला खरा मानून म्हणाले, की दुसरा काही इलाजच उरला नव्हता म्हणून, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी पुढचा शब्द वाचला. पुढच्या रविवारी गेलो, तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता, दार त्यांच्या मुलीनं उघडलं, आणि तिनं चटई टाकली नाही.