ओल्या केसांतली फणी

समोरच्या पायरीवर शेजारच्या सुनंदाताई लेकीच्या, पिंकीच्या, ओल्या केसांतून फणी फिरवत होत्या. मांडीवरच्या पांढऱ्या फडक्यावर उवा पडत होत्या.

"मीनाच्या आईला सांगू नकोस गं," पिंकी रडवेली होऊन म्हणाली. "मग मीना मला बाकावर शेजारी बसू देणार नाही."

"सांगायला हवं. एकीचंच डोकं साफ करून काय उपयोग?"

माझी आई दार लावून माझ्या उवा काढायची. तिला ती घराची नाचक्की वाटायची. खरं तर डोक्याला डोकं लावून गुजगोष्टी करणाऱ्या मुलींनाच त्या आधी होतात.

एवढ्यात मीनाच आली, हातात फणी घेऊन.

"आईने पाठवलंय," ती खाली बघत म्हणाली.

पिंकीने सरकून तिला शेजारी जागा करून दिली.