वरचं कार्ड

खणवाल्या ताईंचा मी बावीस वर्षं हेवा केला, हे आधीच कबूल केलेलं बरं. आमच्या लहानसहान भाषांच्या शब्दकोशाच्या कार्यालयात चाळीस हजार कार्डं, आणि त्यांतलं हवं ते कार्ड ताई न बघता खणातून काढायच्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे बसून शब्द टिपून आणायच्या त्याही त्याच. साहेबांचं उठसूट एकच, "ताईंना विचारा." मग आम्ही काय तिथे माशा मारायला बसलो होतो?

त्यात 'लुमा' आला. माझ्या आजीच्या डोंगरातल्या भाषेत लुमा म्हणजे जखमेवरची खपली. ते कार्ड मी स्वतः लिहिलं होतं. आजीचं म्हणावं असं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं. मग ताईंनी त्यांच्या समुद्राकडच्या भाषेतला लुमा आणला. अर्थ शेंडेफळ. दोन्ही भाषांचं एकमेकींशी लांबचंही नातं नाही, शब्द मात्र तोच. आमचा नियम असा, की एकच शब्द दोनदा आला, तर ज्याचा आवाज टेपवर आहे त्याचं कार्ड वर, आणि छापतानाही तोच आधी. ताईंच्या लुमाची टेप होती, माझी आजी केव्हाच गेली होती. तिचा आवाज आणणार कुठून?

माझा नुसता जळफळाट झाला. छपाईच्या आठवड्यात मी ताईंचं कार्ड उचललं आणि भलत्याच खणात सरकवलं. आमच्याकडे चुकीच्या खणात गेलेलं कार्ड म्हणजे गेलंच.

ताई दोन दिवस शोधत होत्या. तिसऱ्या दिवशी मी 'लुमा'चा खण उघडला, तर दोन्ही कार्डं जागेवर. वर माझं, खाली त्यांचं.

"सापडलं वाटतं?" मी साळसूदपणे विचारलं.

"न सापडायला काय झालं? तुझंच राहू दे वर. आजीचं दुसरं काही नाही ना तुझ्याकडे." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पण परत कार्डांची उचलाउचल केलीस, तर बोटं चेचीन."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या जेवायला गेल्यावर मी त्यांची टेप लावली. एक म्हातारी हाका मारत होती, "लुमा! लुमा!" आणि पलीकडून ताई लहान मुलीसारखी ओ देत होत्या.

शब्दकोश छापून आला. आजीची खपली वर आहे, ताईंच्या आईची हाक खाली. जिंकले मीच. हेवा मात्र गेला नाही. आता तो त्या ओ देण्याचा वाटतो.